बंदुकीला टिकली

जऊळका,
१४ नोव्हेंबर

प्रिय नवीन,

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, यावर आपण सविस्तर बोलू," आणि लगेच तुझी मीटिंग सुरू झाली. सविस्तर बोलायचं तर मला कागदच बरा वाटतो. त्याला मध्येच दुसरा फोन येत नाही.

हरीओमकाकानं तुला सांगितलं की वहिनीनं छऱ्याची बंदूक घेतली, तिच्यावर दुर्बीण बसवली आणि आता गोठ्यामागे उभी राहून दिवसभर कागदांना भोकं पाडत असते. यातल्या दोन गोष्टी चूक आहेत. ती दुर्बीण नाही, आणि मी दिवसभर नाही, सकाळी सात ते आठ एवढाच वेळ उभी असते. बाकी सगळं खरं आहे. "तिचं डोकं ठिकाणावर नाही" असंही तो म्हणाला असेल. त्यावर तू काय म्हणालास ते मी विचारत नाही.

गोष्ट साधी आहे. तुझ्या बाबांची बारा बोअरची दुनळी ते गेल्यापासून, म्हणजे गेल्या वर्षीच्या जुलैपासून, ठाण्यात जमा आहे. पिकांच्या रक्षणासाठीचा परवाना त्यांच्या नावावर होता. तो माझ्या नावावर व्हायचा तर वारस म्हणून तुझी लेखी संमती लागते. तो कागद मी तुझ्यासमोर तीन वेळा ठेवला. दिवाळीत तर चकलीच्या ताटलीखालीच ठेवला होता. पहिल्या वेळी, जानेवारीत, तू म्हणालास, "आई, तुला दिसत नाही. मंगरूळपीरच्या लग्नात तू नवरीच्या आईऐवजी तिच्या जावेला साडी दिलीस." दिली. दोघींचे शालू एकाच रंगाचे होते, आणि जाऊबाईही काही कमी नटल्या नव्हत्या. पण डोळ्यांचं तू बोललास ते मला लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. त्या उरलेल्या अर्ध्यासाठी मी हे नऊ महिने घालवले.

आधी प्रयागबाईचं सांगते. तुला फोनवर "डुकरानं धडक दिली" एवढंच कळलंय. डिसेंबरात आपल्या तुरीची कापणी चालू होती. सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं. बायका ओळीनं पुढे सरकत होत्या, प्रयागबाई सगळ्यांत पुढे, नेहमीसारखी कुणाच्या तरी सुनेची नक्कल करत. तुरीतून रानडुक्कर बाहेर आलं आणि तिची मांडी गुडघ्यापासून वर फाडून गेलं. पुन्हा वळलं. मी बांधावर होते, पन्नास पावलांवर. मी ओरडले, ढेकळं मारली. नवीन, पंचवीस वर्षं जी बाई माझ्या शेतात राबली तिच्या अंगावर जनावर दुसऱ्यांदा वळतंय आणि माझ्या हातात मातीचं ढेकूळ आहे. डुक्कर कसं कोण जाणे बाजूच्या हळदीत शिरलं. सतरा टाके पडले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, "बाई, भाऊ असते तं त्यायनं एका बारात लोळवलं असतं." भाऊ म्हणजे तुझे बाबा. मी मान हलवली. आता वाटतं, तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं.

मला जीव घ्यायची हौस नाही, हे तुला ठाऊक आहे. वनखात्याची परवानगी असल्याशिवाय मी कुठल्या जनावरावर बार टाकणार नाही. पण परवानगी मिळाली तरी बंदूक कुणाच्या हातात? हरीओमकाका वाशीमला राहतो, रविवारी येतो, हुरडा खाऊन जातो. त्याला बंदूक हवी आहे ती वरातीसाठी. रिठदच्या लग्नात दुसऱ्याची घेऊन त्यानं मांडवाला भोक पाडलं होतं, तेव्हा तूही हसला होतास.

आता मी तुला जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

माझे वडील जऊळक्याला स्टेशनमास्तर होते तेव्हा मी अकोल्याला कॉन्व्हेंटच्या होस्टेलमध्ये होते. तिथे एनसीसी होती आणि पॉइंट टू टूच्या रायफली होत्या. आमच्या सिस्टर बर्नाडेट पांढऱ्या झग्यात धुळीत आमच्याशेजारी पालथ्या पडून शिकवायच्या. माझा डावा डोळा मिटायचा नाही, म्हणून त्यांनी स्वतःचा हातरुमाल त्यावर बांधला. त्या रुमालाला फिनाइलचा आणि व्हॅनिलाचा मिळून एक वास होता. अजून तसा वास कुठे आला की माझा उजवा खांदा आपोआप ताठ होतो. बंदुकीच्या टोकावरचं बोंड, ज्याला आपल्याकडे माशी म्हणतात, ते मागच्या खाचेत बसवायचं, माशीवर निशाण बसवायचं, श्वास अर्धा सोडायचा. मी विभागात पहिली आले होते. त्याचं प्रमाणपत्र माझ्या लग्नाच्या पेटीत तळाशी आलं आणि तळाशीच राहिलं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बाबांना कळलं. नदीकाठी कवठावर नेम धरत होते, तीन बार वाया गेले. मी म्हटलं, द्या बघू. पहिल्याच बारात कवठ खाली. ते इतके हसले की खालीच बसले. मग म्हणाले, "निते, हे घरी नको सांगू." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवरा आपल्यावर खूश आहे, एवढंच मला दिसलं. पुढे गावात त्यांच्या नेमाचं नाव झालं. त्यांतले किती बार त्यांचे आणि किती माझे, हे आम्हा दोघांनाच माहीत. ते वाईट नव्हते, नवीन. फार प्रेमळ होते. पण ती एक गोष्ट त्यांनी माझी घेतली आणि मी ती देऊन टाकली.

तू दुसरीत असताना शाळेच्या वाटेवर पिसाळलेलं कुत्रं आलं होतं. "माझे बाबा" या निबंधात तू ते तीनदा लिहिलंस, एकदा बक्षीसही मिळवलंस. त्या दिवशी बाबा मंगरूळपीरला बाजार समितीत गेले होते. बंदूक मी काढली. तू कुंपणाला चिकटून उभा होतास, दप्तर छातीशी धरून, डोळे घट्ट मिटलेले. म्हणून तू पाहिलं नाहीस. कुत्र्याच्या आणि तुझ्यामध्ये बैलगाडीएवढं अंतर होतं, आणि मी आयुष्यात तेवढा स्थिर श्वास पुन्हा कधी सोडला नाही. संध्याकाळी बाबा आले तेव्हा परवाना त्यांचा आहे, ठाण्यात चौकशी होईल, म्हणून त्यांनीच मारलं असं ठरलं. तू रात्री त्यांच्या गळ्यात पडून झोपलास. मी दारातून पाहिलं आणि मला फक्त आनंदच झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

तर डोळे. फेब्रुवारीत मी वाशीमला गोविंदसिंगांच्या नेमबाजीच्या क्लबात गेले. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत, मिशा पांढऱ्या, आवाज तोफेसारखा. त्यांनी एअर रायफल, म्हणजे छऱ्याचीच बंदूक, हातात दिली. मी डावा डोळा मिटला, आणि नवीन, मला माशीच दिसेना. खाच दिसत होती ती धुरासारखी, आणि समोरचा कागद मात्र स्वच्छ. माशी पाहायला गेले की कागद विरघळायचा. दहातले चार छरे कागदाच्या बाहेर. मला रडू आलं. गोविंदसिंग म्हणाले, "बाई, साठीनंतर डोया एका टायमाले एकच गोष्ट पाहते. खाच, माशी अन् निशाण, तिन्ही पाहाची जिद्द कायले? माशी काढून टाका." मला वाटलं ते मला घरी पाठवतायत. पण त्यांनी कपाटातून बोटभर लांबीची एक काळी नळी काढली. तिच्यात काच, आणि काचेत लाल ठिपका.

ठिपका काचेत असतो, पण डोळ्याला तो दूर, निशाणाच्याच अंतरावर दिसतो. त्यामुळे डोळ्याला फक्त निशाण पाहायचं असतं. डोकं जरा इकडे तिकडे झालं तरी ठिपका बहुतेक जिथे लावलाय तिथेच राहतो. आणि दोन्ही डोळे उघडे. गोविंदसिंगांनी मला हे चार वेळा सांगितलं, कारण माझा डावा डोळा आपला मिटतच होता. "उघडा ठेवा! बाजूनं कोन येऊन राह्यलं ते कसं दिसल?" पन्नास वर्षांची सवय सुटायला मला दोन महिने लागले.

मग स्वतःची छऱ्याची बंदूक घेतली, तिच्यावरचा ठिपका मी ऑनलाइन मागवला, आणि तिथे चुकले. सगळ्यांत चकचकीत दिसला तो घेतला. आठवड्यात ठिपका जागा सोडून फिरायला लागला. गोविंदसिंगांनी तो कानाशी हलवून पाहिला, आत खुळखुळत होता. म्हणाले, "हे स्प्रिंगची बंदूक मागंही झटका देते अन् पुढंही. नातेवाइकासारखी. तिच्यावर अशानं तशानं भागत नाही." दुसरा घेतला तो उघड्या काचेचा. मुगाच्या काढणीत त्यात इतका भुसा बसला की ठिपका मोतीबिंदू झाल्यासारखा दिसे. तिसरा मात्र मी विचारून, वाचून घेतला. बंद नळीचा, धूळ आत न जाणारा. ठिपकाही बारीक. मोठा ठिपका पटकन सापडतो, पण शंभर मीटरवर भाकरीएवढी जागा झाकतो. माझा लिंबाएवढीच झाकतो. मला घाई नाही, मला जागा बघायची असते.

आणि तरीही ठिपका गोल दिसेना! स्वल्पविरामासारखा दिसे, शेपूट खाली. मी दुकानदाराला फोन करून चांगलं खडसावलं, बदलून मागितला. नवाही तसाच. तेव्हा गोविंदसिंग म्हणाले, "मोबाइलनं फोटो काढा." फोटोत ठिपका गोल, अगदी कंपासनं काढल्यासारखा. खोट काचेत नव्हती, माझ्यात होती. मी त्या दुकानदाराची माफी मागितली आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी तपासून सांगितलं, बुबुळाच्या वाकडेपणाचा जो नंबर असतो तो, सिलिंडर, वाढलाय. प्रयागबाई सोबत होती. ती म्हणाली, "आता याचाही भाव वाढला का?" नवा चष्मा झाला आणि ठिपका गोल झाला. सोबत हेही सांगते की मंगरूळपीरच्या जाऊबाई मला आता रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतात. म्हणजे तू म्हणालास ते खरं होतं, आणि ते आता दुरुस्त झालंय. तुझं म्हणणं मी इतकं मनावर घेतलं होतं.

ठिपका बसवला की त्याला बंदुकीच्या मारावर आणावं लागतं. दहा मीटरवर पाच छरे मारले. पाचही एकमेकांना चिकटून, पण निशाणाच्या डावीकडे, खाली. मी हात चोळत बसले. गोविंदसिंगांनी कागद पाहिला. "पाची एका जागी हायेत ना? मंग तुमी बरोबर हा बाई. ठिपका चुकला. त्याले आणा तिकडं." वरचा स्क्रू थोडा, बाजूचा स्क्रू थोडा, प्रत्येक वेळी बारीक कट् असा आवाज. पुन्हा पाच, पुन्हा कट्. चौथ्या खेपेला मधलं वर्तुळच गेलं. त्या कागदाची मी घडी करून देवघरात ठेवली आहे, हसायचं तर हस.

एका रविवारी हरीओमकाका आला. त्यानं बंदूक हातात घेतली, नळीतून पाहिलं, मग डोकं वर काढून गोठ्याच्या भिंतीकडे पाहिलं. पुन्हा आत, पुन्हा भिंतीकडे. "वहिनी, फसवलं तुमाले. भिताडावर काहीच पडून नाही राह्यलं." सिनेमातल्यासारखा लाल किरण बाहेर पडेल असं त्याला वाटलं होतं. मी सांगितलं, भाऊजी, तो बाहेर पडत नाही, पाहणाऱ्यालाच दिसतो. त्यानं पुन्हा एकदा नळीत डोकावलं आणि म्हणाला, "मंग डुकराले कसं समजल?" प्रयागबाई काठी टेकत ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी चिठ्ठी धाडजा त्याले." तो चहा न घेता गेला. त्यानंतरच तुला फोन आला असावा.

तो गेल्यावर प्रयागबाईनं नळीतून पाहिलं. डोळा लावला आणि एकदम ओरडली, "अवं बाई! हे तं टिकली हाय! तुमी बंदुकीले टिकली लावली!" आता साऱ्या गावात तिचं नाव टिकलीची बंदूक आहे. मी त्या दिवशी इतकी हसले की बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच पोट दुखलं. हसता हसता मनात आलं, शाळेत टिकली लावली की सिस्टर पुसायला लावायच्या. लग्नानंतर उघड्या कपाळानं बाहेर आले की तुझी आजी लावायला लावायची. गेल्या वर्षी जुलैत चार बायकांनी धरून माझी पुसली, त्यांत माझ्या सख्ख्या नणंदा होत्या. लावायची की नाही, हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. ही एक मी माझ्या मर्जीनं, तीनदा बदलून, पारखून लावली आहे. दुसऱ्या दिवशीपासून कपाळावरही लावते. गावात दोन दिवस कुजबुज झाली, तिसऱ्या दिवशी लोकांना सोयाबीनच्या भावाची पडली.

ऑक्टोबरात मी क्लबात प्रशिक्षणाची परीक्षा दिली. बंदूक कशी धरावी, रिकामी कशी करावी, गोळ्या कुठे आणि बंदूक कुठे कुलपात ठेवावी, सगळं. माझ्यासोबत अकरा जण होते, सगळे तुझ्याहून लहान. शेवटी नेम होता, दहा छरे, आणि तिथे कुणालाच नळी लावायची मुभा नव्हती, साध्या माशीवरच मारायचं होतं. मला ते आधी ठाऊक नव्हतं. मी चष्मा पदरानं पुसला. नव्या चष्म्यातून माशी काठाशी धुरकट, पण जागेवर दिसली. दोन्ही डोळे उघडे ठेवून मी मारले. दहातले आठ काळ्या भागात. मी तिसरी आले. पहिला आलेला पोलीस भरतीची तयारी करतो. त्यानं वाकून नमस्कार केला तेव्हा मला तुझी फार आठवण आली. परीक्षेचं प्रमाणपत्र मिळालं, डॉक्टरांचा दाखलाही मिळाला: नजर चष्म्यासह योग्य.

हे दोन्ही कागद घेऊन मी सोमवारी वाशीमला जिल्हाधिकारी कार्यालयात गेले. वाटलं, ते जोडून ठेवू, तू डिसेंबरात आलास की सही करशील. तिथल्या लिपिकबाईंनी फाइल काढली आणि म्हणाल्या, "मॅडम, यात तुमच्या दिरांचा अर्ज आधीच आहे, मुलाची संमतीही लागलेली आहे." नवीन, मी तुझी सही पाहिली. मे महिन्याची तारीख आहे. म्हणजे दिवाळीत चकलीच्या ताटलीखालचा माझा कागद तू बाजूला सरकवलास तेव्हा हरीओमकाकासाठी सही करून तुला पाच महिने झाले होते. त्याचंही मी सोसलं असतं. मुलं घाबरतात, काका चिकट असतात. पण त्या अर्जात वारसांच्या रकान्यात माझ्या नावापुढे लिहिलंय, "पत्नी, वयोवृद्ध, दृष्टी अधू, संमती गृहीत." आणि त्याखाली तुझी सही आहे. मी तिथेच बाकावर बसून कोरा कागद मागून घेतला. आधी माझ्या स्वतःच्या नावानं नव्या परवान्याचा अर्ज भरला. त्याला कुणा वारसाची सही लागत नाही. तो मिळेल की नाही हे सरकार ठरवील, तू नाही. मिळाला नाही तर पुन्हा करीन. मग हरीओमकाकाच्या अर्जावर माझी हरकत लिहिली. बाबांची बंदूक ठाण्यात राहिली तरी चालेल, पण वरातीत जाणार नाही. हरकतीत फार काही लिहिलं नाही, एकच ओळ आहे, आणि ती तुला कुणाच्या फोनवरून कळू नये, माझ्याच अक्षरात कळावी, म्हणून हे पत्र. तिची प्रत सोबत ठेवली आहे. "मी हयात आहे, मला दिसते, आणि माझी संमती कोणीही गृहीत धरू नये." डिसेंबरात ये. तुझ्यावरचा राग तोवर उतरेल असं वाटतं. हरकत मात्र मागे घेणार नाही.

तुझीच, आणि अर्जदार,
आई